हवेचा डबा

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसलो आहे. मध्यंतरी उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, त्यामुळे डॉक्टरांनी (आणि त्यांच्याहून जास्त कडकपणे आमच्या सौ.नी) कॉम्प्युटरसमोर बसायला बंदी घातली होती. ती आता उठली आहे. विषय मात्र असा निवडला आहे की नेहमीची मंडळी म्हणतील, मास्तरांचं बरं आहे ना? जन्मभर मी मराठी आणि इतिहास शिकवला. बी. ए. सुद्धा मराठी माध्यमातून. आणि आज लिहिणार आहे मोटारीच्या इंजिनात हवा कशी जाते, आणि ती जास्त जावी म्हणून तरुण पोरं काय काय उद्योग करतात, याबद्दल.

कारण आहे. आमच्या माळ्यावर दोन वर्षांहून जास्त काळ एक काळा प्लॅस्टिकचा डबा पडून आहे. साधारण शिवणयंत्राच्या झाकणाएवढा. त्याला एका बाजूने सोंडेसारखी नळी आणि दुसऱ्या बाजूने जाड तोंड. दर दिवाळीच्या साफसफाईत सौ. विचारतात, "हे भंगारात देऊ का?" आणि मी म्हणतो, "राहू द्या." हा डबा नातवाच्या गाडीतला, कंपनीने बसवलेला, एअर फिल्टरचा डबा आहे. त्याच्या जागी नातवाने बाजारातून दुसरं काहीतरी आणून बसवलं. पुढचं सगळं रामायण त्यातून झालं.

आधी थोडं शास्त्र सांगतो. नातवाकडून शिकलेलं आहे, चुकलं तर विद्यार्थ्याची चूक समजावी. इंजिन पेट्रोलवर चालतं असं आपण म्हणतो, पण ते खरं तर हवेवर चालतं. एक किलो पेट्रोल नीट जळायला पंधरा किलोच्या आसपास हवा लागते. म्हणजे एक लिटर पेट्रोलमागे सुमारे नऊ हजार लिटर हवा! स्वस्थ बसलेला माणूस दिवसभरात दहा-अकरा हजार लिटर हवा आत घेतो. गाडी तेवढी हवा एका लिटरमागे, म्हणजे जालन्याहून बदनापूरला जाईपर्यंत ओढून टाकते. पेट्रोल जास्त ओतणं सोपं आहे, हवा जास्त कोंबणं अवघड. म्हणून ज्याला ताकद वाढवायची असते तो आधी हवेच्या वाटेकडे बघतो.

नातू पुण्याला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला होता तेव्हा त्यांच्या कॉलेजच्या पोरांनी एक छोटी रेसची गाडी बनवली होती. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर फॉर्म्युला भारत नावाची कॉलेजांची स्पर्धा होते, त्यासाठी. त्या स्पर्धेचा एक नियम मला फार आवडला. पेट्रोलच्या गाडीची सगळी हवा एकाच वीस मिलिमीटरच्या भोकातून गेली पाहिजे. साधारण एक रुपयाच्या नाण्याएवढं भोक! इंजिन कितीही दांडगं असो, श्वास तेवढ्यातूनच. हवेचा वेग तिथे आवाजाच्या वेगाला पोचला की त्यापुढे कितीही ओढा, जास्त हवा येत नाही. मग पोरं काय करतात, तर त्या भोकाच्या पुढचा आणि मागचा उतार तासून तासून नीट करतात. आतल्या नळ्यांची लांबी अशी ठेवतात की हवेची लाट नेमकी व्हॉल्व्ह उघडताना परत येऊन आत शिरते. बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती घुमते ना, तेच तत्त्व. हे सगळं तो मला ओसरीवर बसून रिकाम्या बाटलीत फुंकून दाखवत होता, आणि मला वाटत होतं की माझ्या वर्गात असा एखादा मास्तर असायला हवा होता.

नोकरी लागल्यावर २०२३ च्या उन्हाळ्यात त्याने जुनी स्कोडा ऑक्टाव्हिया घेतली, १.८ टर्बो पेट्रोल. आपल्याच शेंद्र्याच्या कारखान्यात जोडलेली. जालना-औरंगाबाद (आता छत्रपती संभाजीनगर) रस्त्याने जाताना लाल डब्याच्या गाडीतून तो कारखाना मी किती वेळा पाहिला असेल. त्यामुळे गाडीबद्दल उगीचच माहेरचं माणूस भेटल्यासारखं वाटलं. याला स्पोर्ट्स कार का म्हणायचं ते मात्र कळेना. चार दारं, मागे दोन पोती ज्वारी मावेल एवढी डिकी. तर म्हणाला, "आबा, ही दिसायला सज्जन आहे एवढंच. १८० घोड्यांची आहे." हिची सख्खी, खरी पळणारी बहीण म्हणजे आरएस. २०२० साली आरएस २४५ च्या भारतात फक्त दोनशे गाड्या आल्या. त्या मिळणं आणि परवडणं दोन्ही आपल्या घरात शक्य नव्हतं. मग साध्या ऑक्टाव्हियालाच आरएसच्या जवळ नेऊन ठेवायचं, हा पोरांचा उद्योग.

त्यात पहिली पायरी म्हणजे हवेची वाट मोकळी करणं. कंपनीचा डबा काढायचा, त्यातला कागदी घड्यांचा फिल्टर काढायचा, आणि त्याजागी मोठी गुळगुळीत नळी व तिच्या टोकाला सुती जाळीचा, तेल लावलेला, शंकूच्या आकाराचा फिल्टर बसवायचा. सुती म्हटल्यावर माझे कान टवकारले. कापसाच्या गावातला माणूस मी, जिनिंगचा भोंगा ऐकत झोपणारा. कापसाच्या जाळीला तेल लावलं की धूळ तिला चिकटते आणि हवा मोकळी जाते, धुऊन पुन्हा वापरता येतो. कागदी फिल्टर मात्र बदलावाच लागतो. हा फायदा खराच आहे.

दुसरा फायदा आवाजाचा. कंपनी त्या डब्यात पोकळ कप्पे ठेवते, हवा ओढतानाचा घोगरा आवाज तिथे जिरतो, कारण आवाजाच्या मर्यादेत गाडी पास व्हावी लागते. तो डबा काढला की इंजिनाचा श्वास ऐकू येतो. टर्बोच्या गाडीत तर पाय दाबला की आधी सूं असा लांब आवाज आणि पाय उचलला की फुस्स! तिसरा फायदा, म्हणजे ज्यासाठी हे सगळं, तो ताकदीचा. तो नातवाच्याच तोंडून ऐका. "आबा, बिनटर्बोच्या गाडीत नुसता फिल्टर बदलून हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेच घोडे वाढतात, कारण कंपनीची वाट मुळात तेवढी अरुंद नसतेच. टर्बोत जरा जास्त, कारण टर्बोला ओढायला सोपं जातं. पण खरी वाढ गाडीच्या कॉम्प्युटरमधलं गणित बदललं तरच." म्हणजे नळी लावायची ती नळीसाठी नाही, पुढच्या खर्चाची तयारी म्हणून. लग्नाआधीचा साखरपुडा म्हणा.

आता इथे मला माझं स्वतःचं एक जुनं प्रकरण सांगितलंच पाहिजे.

१९७९ साली मी जुनी राजदूत घेतली. शाळा अंबड तालुक्यात, सडकेपासून आत सात किलोमीटर. तेव्हा जालना जिल्हाही नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला, आम्ही औरंगाबादचेच. रस्ता म्हणजे उन्हाळ्यात पावलाएवढा फुफाटा आणि पावसाळ्यात चिखल. गाडी चढाला दमायची. एका मेकॅनिकने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "गुरुजी, कंपनीनं गाडीचं नाक दाबून ठेवलंय. मोकळं करून देतो." त्याने फिल्टर काढून टाकला, कार्बोरेटरचं तोंड उघडंच ठेवलं, आणि जेटमध्ये थोडा फेरफार केला. काय सांगू मंडळी, गाडी दुसऱ्या दिवशी अशी पळाली की मी पहिल्यांदा प्रार्थनेच्या आधी शाळेत पोचलो. आवाजही भारदस्त. पोरं लांबून ओळखायची, गुरुजी आले.

एक उन्हाळा गेला. मग किकला दम लागेना, नुसती पायाखाली पोकळ जायची. ओढ गेली. खालून खडखड यायला लागली. जालन्याच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रीने इंजिन उघडलं. सिलिंडरच्या भिंतीवर पाटीवर खिळ्याने ओढावेत तसे चरे. रिंगा झिजून पातळ. दोन स्ट्रोकच्या इंजिनात हवा आधी खालच्या पेटीतून फिरून वर जाते, त्यामुळे धुळीने खालचे बेअरिंगही खाल्ले होते. मिस्त्रीने आतली काळी चिकट माती बोटांत चोळली, माझ्यासमोर धरली आणि विचारलं, "ओळखलं का गुरुजी? तुमचा अंबडचा रस्ता हाये."

बोअर करून, पिस्टन-रिंगा, बेअरिंग बदलून जे बिल झालं त्यासाठी सौ.ची एक पाटली सराफाकडे गेली. तिला मी तेव्हा सांगितलं की गाडी जुनी होती, कधी ना कधी निघणारच होतं. फिल्टर काढल्याचं सांगितलं नाही. सेहेचाळीस वर्षांत कधीच नाही. (आता वाचतील. पाटली परत आणली होती, एवढं माझ्या बाजूने लिहून ठेवतो.)

तर असा अनुभव गाठीशी असलेल्या आजोबांकडे नातू आला आणि म्हणाला, गाडीचा फिल्टर बदलायचा आहे. मी माझी राजदूतची गोष्ट त्याला सांगितली. तो हसला नाही, नीट ऐकून घेतलं. म्हणाला, "आबा, तुम्ही फिल्टर काढला होता. मी बदलतोय. पण धुळीचं तुमचं बरोबर आहे. सुती फिल्टर हवा जास्त सोडतो म्हणजे बारीक धूळही थोडी जास्त सोडतो. दोन्ही एकदम मिळत नाही." तेलाचंही त्याने सांगितलं. धुऊन पुन्हा तेल लावताना हात सैल सुटला तर ते तेल उडून, ज्या गाड्यांत हवा मोजणारी तापलेली तार असते तिच्यावर बसतं, आणि मग इंजिन चुकीचा हिशोब करतं. आणि उष्णतेचं. फिल्टर बोनेटखाली उघडा ठेवला तर तो इंजिनाचीच गरम वाफ ओढतो. पंधरा अंशांच्या हवेपेक्षा पंचेचाळीस अंशांची हवा दहाव्या हिश्श्याने विरळ. आपल्याकडच्या मे महिन्यात, गांधी चमनच्या गर्दीत उभं राहिलं तर मोठ्या नळीने कमावलेलं गरम हवेने गमावलं असं होतं. म्हणून त्याने जो प्रकार निवडला त्यात फिल्टर खाली, पुढच्या बंपरच्या आत, थंड हवेत बसतो. हे त्या वेळी मला फार शहाणपणाचं वाटलं होतं.

कायद्याचं मी त्याला विचारलं होतं. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीने दिलेल्या मूळ रचनेपासून फारकत घेणारे बदल करता येत नाहीत. जानेवारी २०१९ मध्ये सुप्रीम कोर्टानेही केरळच्या एका प्रकरणात ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीत प्रत्येक बदलामागे पाच हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद आली. तो म्हणाला, "फिल्टरसाठी कोणी धरत नाही आबा." धरत नाही हे खरं. पण आपण वर्गात "कोणी बघत नाही म्हणून" या सबबीवर किती पोरांना ओणवं केलं!

तरीही त्या दिवाळीत गाडीला नवी नळी लागली. कॉम्प्युटरचं गणितही बदललं. जुना डबा तो माझ्याकडे ठेवून गेला, पुण्याच्या खोलीत जागा नव्हती म्हणून. भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तो मला समृद्धीवर घेऊन गेला. जालन्यातून वर चढलो आणि सिंदखेडराजाच्या दिशेने निघालो. रस्ता मोकळा, दोन्ही बाजूंना कापूस फुटलेला, सूर्य समोर. "आबा, ऐका," म्हणाला, आणि पाय दाबला. पाठ सीटला चिकटली. तो आवाज... पुढून कुठूनतरी कोणीतरी खोल श्वास घेतोय असा. मी चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस मोठ्याने हसलो. खरंच हसलो. काटा एकशेवीसला गेल्यावर त्याने पाय काढला, तिथली मर्यादा तेवढीच आहे. पुढे पिंपळखुट्याजवळ, जिथे त्याच वर्षी १ जुलैच्या रात्री बस जळून पंचवीस माणसं गेली, तिथून जाताना दोघंही गप्प होतो. परत येताना त्याने पंखा लावावा तशी हळू गाडी चालवली.

चिरंजीवांना हे काही पसंत नव्हतं. ते औद्योगिक वसाहतीत सळ्यांच्या कारखान्यात स्टोअर सांभाळतात. तीस वर्षं भट्टीच्या काजळीत काढलेल्या माणसाला चालत्या गाडीची नळी बदलणं म्हणजे माज वाटतो, आणि त्यांचं चुकतं असंही मला म्हणता येत नाही.

२५ जुलै २०२४. पुण्यात रात्रभर पाऊस, खडकवासल्यातून मुठेत पाणी सोडलेलं, सिंहगड रस्त्याला एकतानगरीत लोकांच्या घरांत पाणी शिरलं. नातवाची खोली त्याच भागात. पहाटे आरडाओरड झाली म्हणून तो पार्किंगमधून गाडी काढायला धावला. रस्त्यावर गुडघ्याला जरा कमी पाणी. पुढे एका शेजाऱ्यांची साधी गाडी होती, ती त्याच पाण्यातून निघून गेली. याची शंभर पावलांवर बंद पडली. थंड हवेसाठी बंपरच्या आत खाली बसवलेला तो फिल्टर पाण्यात बुडाला होता. इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढलं. हवा दाबली की दबते, पाणी दबत नाही. पिस्टन वर आला, पाण्याला अडला, आणि कनेक्टिंग रॉड वाकला. घाबरून त्याने पुन्हा एकदा स्टार्टर मारला. ते तर कधीच करू नये म्हणतात.

कंपनीचा डबा असता तर गाडी निघाली असती का? मूळ सोंडेचं तोंड वर, जाळीच्या मागे असतं. नातू स्वतःच म्हणतो, निघाली असती बहुतेक.

साध्या विम्यात असं नुकसान सहसा भरून मिळत नाही, इंजिनाचं वेगळं संरक्षण घ्यावं लागतं. त्याने ते घेतलं होतं! पण बदल कळवला नव्हता. विमा कंपनीच्या माणसाने फोटो काढले, नळीवर बोट ठेवलं, आणि दावा नामंजूर. दुरुस्तीचा अंदाज चार लाखांवर. गाडी वर्षभर गॅरेजच्या कोपऱ्यात ताडपत्रीखाली.

आता घरातलं. नातवाने बहिणीच्या लग्नासाठी दीड लाख द्यायचं कबूल केलं होतं. ते त्याला वेळेवर जमले नाहीत, कारण कर्जाचे हप्ते चालू आणि गाडी बंद. चिरंजीव बैठकीत सगळ्यांसमोर म्हणाले, "बहिणीच्या लग्नाच्या पैशांतून यानं गाडीला नळ्या लावल्या." नातू मान खाली घालून उभा राहिला. एक शब्द बोलला नाही. माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. लग्न झालं, तो वाढपाला उभा राहिला, मांडव उतरवून रात्रीच्या गाडीने गेला. त्यानंतर दोन दिवाळ्या आला नाही. फोन येतो तो आजीला.

तर चिरंजीव, तुम्ही हे वाचता हे मला माहीत आहे, सूनबाई तुम्हाला मोबाइलवर उघडून देतात. त्या नळीचे आणि त्या गणिताचे मिळून नव्वद हजार झाले होते. त्यातले पासष्ट हजार मी दिले. माझी मुदत ठेव सुटली होती. तो मागायला आला नव्हता. पुढच्या वर्षी करीन म्हणत होता. मीच म्हणालो, घे, पुढचं वर्ष मी कुठे पाहिलंय. त्याने तुम्हाला सांगू का विचारलं, तर मीच नको म्हणालो, तुमची बोलणी टाळायला. आणि बैठकीत तुम्ही त्याला बोललात तेव्हा मी तिथेच खुर्चीत होतो, हातात चहाचा कप होता. तो माझ्यासाठी गप्प राहिला आणि मी माझ्यासाठी. बँकेच्या पासबुकात नोव्हेंबर २०२३ ला नोंद आहे, कपाटात डाव्या हाताला ठेवलंय. लग्नाच्या पैशांना त्याने हात लावला नव्हता. दुरुस्तीला लावला असेल तर तो नंतर, आणि त्यातही अर्धी जबाबदारी माझी.

गेल्या आठवड्यात त्याचा आजीला फोन आला, मी हातातून घेतला. गाडीला जुनं, दुसऱ्या गाडीतून काढलेलं इंजिन बसवून झालं आहे. आता सगळं कंपनीसारखंच ठेवणार म्हणाला. नळी विकायला काढली आहे, गिऱ्हाईक आलं तर त्याला पाण्याचं सांगणार का विचारलं, तर म्हणाला, "पहिल्यांदा तेच सांगतो आबा, म्हणून तर विकली जात नाही." मग थोडं थांबून विचारलं, "माझा डबा आहे का अजून?"

काल शिडी लावून काढला. (सौ. शिडी धरून होत्या, बोलतही होत्या.) वरचे क्लिप उघडले तर जुना कागदी फिल्टर आत तसाच. घड्यांत लाल-काळी धूळ, दोन वाळलेले किडे आणि कापसाची बोंडाएवढी म्हातारी अडकलेली. फिल्टर टाकून दिला, नवा तो आणेलच. डबा ओल्या फडक्याने पुसला, उन्हात वाळवला आणि दाराजवळच्या कोनाड्यात ठेवला आहे. कुरिअरने पाठवणार नाही. गाडी घेऊन ये आणि घेऊन जा, असं त्याला सांगितलं आहे. रविवारी चिरंजीवांना सुट्टी असते, हेही सांगितलं आहे.